झाडलेली वाळू

गाडीच्या पुढच्या सीटवर धाकटी बहीण एल्वी जाऊन बसली आणि मॉडी दारातच थांबली.

बसली तरी कशी! दार उघडलं, अंग टाकलं, सपाता पायातून भिरकावल्या आणि दोन्ही पाय काचेखाली टेकवून मोकळी झाली. जणू ही जागा आईच्या पोटातून येतानाच तिनं सोबत आणली होती. या लाल वाळूच्या मुलखात पुढची सीट म्हणजे नुसती सीट नव्हे. ज्याची भूमी तो पुढे बसतो. तो बोट करील तिकडे गाडी वळते, तो म्हणेल तिथे थांबते. बाकीच्यांनी मागे बसायचं, धुरळा खायचा आणि गप्पा मारायच्या.

आणि आज जायचं होतं ते मॉडीच्या भूमीवर. तिची नाळ पडली त्या टेकाडापाशी, सुरूच्या जुन्या झाडाखाली. एल्वी जन्मली वस्तीतल्या दवाखान्यात, पांढऱ्या चादरीवर.

"बस ना गं," मागच्या फळीवरून डोरीन मावशी ओरडली. मांडीवर तिचं खरजुलं पिवळं कुत्रं होतं. "पुढची सीट म्हणजे काय नवरा आहे का, दुसरीकडे गेला म्हणून दारात उभं राहून बघायला?"

मॉडी चढली. डावा हात सांभाळत चढली, कारण त्या दंडावरची शीर यंत्राच्या सुयांनी गाठाळून दोरखंडासारखी झाली होती. चार वर्षं ती अ‍ॅलिस स्प्रिंग्जला होती, डांबराच्या शहरात, मूत्रपिंडं निकामी झाली म्हणून. आठवड्यातून तीनदा रक्त बाहेर, रक्त आत. उरलेले दिवस नातलगांच्या अंगणात बसून पश्चिमेकडे बघायचं. आता वस्तीतच ते यंत्र आलं, खुर्ची आली, आणि मॉडी घरी आली. पण घर तिच्यासाठी थांबलं नव्हतं.

गाडी चालवणाऱ्या ब्रायनीला या मुलखात पहिल्यांदा आणलं कुणी? मॉडीनं. ती शहरातल्या विद्यापीठातून सरड्यांचा अभ्यास करायला आली तेव्हा नुकतीच सालं काढलेल्या कांद्यासारखी होती, उन्हानं लाल आणि जरा काही झालं की डोळ्यांत पाणी. तिला नुंगुराई हे आपलं कुळनाव देऊन धाकटी बहीण कुणी केली? मॉडीनं. चाकुरा सरड्याचं बीळ कसं ओळखायचं, माती कशी वाचायची, हे हात धरून कुणी शिकवलं? तेव्हा ब्रायनी दिवसभर "ताई, हे काय? ताई, ते काय?" करत मागे मागे असायची. आजही ती ताईच म्हणायची. पण म्हणता म्हणता मान वळायची ती एल्वीकडे.

"एल्वी, इथून डावीकडे ना?"

"डावीकडे. तो वाकडा सुरू दिसतोय ना, त्याच्या नाकासमोर."

मागे मॉडी पुटपुटली, "सुरूला नाक असतं, हे मला नव्हतं माहीत."

डोरीन मावशी खदखदून हसली. हसता हसता तिनं मॉडीच्या मांडीवर थाप मारली आणि कुत्र्याला म्हणाली, "ऐकलंस? आपल्या गाडीत कुणीतरी आंबट खाल्लंय."

*

एल्वीचं बीळ टेकाडाच्या अलीकडे होतं. चाकुरा म्हणजे जाडसर, नारिंगी सरडा. शेपूट मऊ, चेहरा भाबडा, आणि स्वभाव मोठ्या कुटुंबातल्या माणसासारखा. आई, बाप, थोरली पोरं, धाकटी पोरं, सगळी एकाच बिळात राहतात. एकत्र खणतात, एकत्र निजतात, आणि विष्ठाही सगळी एकाच जागी करतात, दारापासून चार हात लांब. ती जागा सापडली की त्या घरात कोण नांदतंय ते कळतं.

एल्वी उकिडवी बसली. तिनं बोटानं नाही, ओठांनी दाखवलं.

"हे बघ. काळं, चकचकीत. कालचं. हे जाड, म्हणजे मोठ्यांचं. आणि हे बारीक, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं लांब. यंदाची पोरं आहेत. घर भरलेलं आहे."

मॉडीच्या कानांत जाळ शिरला. शब्द न शब्द तिचा होता. 'घर भरलेलं आहे' हेसुद्धा. नाही, तिचाही नव्हता, आईचा होता. आईनं मॉडीला दिलेला, आणि मॉडीनं एल्वीला दिलेला, कारण आई गेली तेव्हा एल्वी लहान होती. आता तो एल्वीच्या तोंडून असा सहज, कुणाचं देणं न मानता निघत होता. ब्रायनी तो लिहून घेत होती, लहानशा चिमट्यानं ती लेंडी उचलून कुपीत घालत होती, आणि एल्वी टॅबवरच्या सरड्याच्या चित्रावर बोट टेकवून खूण उमटवत होती. ते बोटही किती सफाईनं चालायचं!

"ताई, बरोबर ना?" एल्वीनं विचारलं.

"तुला ठाऊक असेल," मॉडी म्हणाली. "मी काय, डांबरावर राहणारी."

ब्रायनीनं पाण्याची बाटली पुढे केली. मॉडीनं ती घेतली नाही. तिला पाणी मोजून प्यावं लागे, हे ब्रायनी विसरली होती, आणि मॉडीनं त्याचाही राग मनात ठेवून दिला.

"चला," ती उठत म्हणाली. "हे तर पिल्लू घर आहे. खरं घर मी दाखवते. टेकाडापलीकडे, आईच्या जागेवर. तिथं इतकी दारं आहेत की मोजता मोजता माणूस विसरतो. ब्रायनी, आठवतं ना? मी तुला लेंड्यांची डबी भरून दिली होती तिथून."

"आठवतं ना, ताई! ती डबी अजून आहे," ब्रायनी उजळून म्हणाली. मॉडीला बरं वाटलं. एल्वीचा चेहरा मात्र का उतरला, ते तिला टेकाड चढेपर्यंत कळलं नाही.

वर पोचल्यावर कळलं.

सुरूचं झाड काळं पडलं होतं. काटेरी गवताचे ते गोल गोल गादीसारखे पुंजके कुठेच नव्हते. राखेवर वाळू, वाळूवर खुरटे कोंब. बिळाचं मोठं दार ढासळलेलं, त्यात कोळ्याचं जाळं, जाळ्यात वाळलेली पानं. मॉडी दारादारांतून फिरली. एका दारातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. कुठेच काळं चकचकीत काही नव्हतं.

"वीज पडली होती," मागून एल्वीचा आवाज आला. "दोन उन्हाळ्यांपूर्वी. आजूबाजूला कुणी थंडीत लहान लहान जाळ लावून गवत मोकळं केलं नव्हतं ना, म्हणून टेकाडापलीकडचं सगळं जळून गेलं. मी आले होते बघायला."

"आणि मला?"

"तू यंत्रावर होतीस ताई. मला वाटलं, तिथं एकटी कशी सोसशील."

"माझ्या आईची जागा जळते, आणि तू ठरवतेस मी काय सोसायचं ते?"

"माझीपण आई," एल्वी हळूच म्हणाली.

ते ऐकून मॉडी आणखीच पेटली. आईच्या मागे मागे पावलं टाकत या वाळूत कोण फिरलं? आई खणता खणता गुणगुणायची, ते बोल कुणाला पाठ आहेत?

*लाल वाळूच्या गं पोटी, कोण निजे, कोण जागे?*
*आधी निजे थोरलं, धाकटं त्याच्या मागे.*

एल्वीला तर आईचा चेहरासुद्धा नीट आठवत नव्हता. आणि आता तिचं बीळ नांदतं, आणि मॉडीचं राख!

*

दुपार कलली. एल्वी, ब्रायनी आणि डोरीन मावशी घोरपड मिळते का बघायला कुत्र्याला घेऊन सखल भागाकडे गेल्या. मॉडी म्हणाली, माझे पाय दुखतात. मावशी म्हणाली, "पाय दुखतात की दुसरं काही?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

मॉडी चहा उकळेपर्यंत बसली. मग चहा तसाच ठेवून उठली.

ब्रायनीच्या कामाचा एक नेम होता. एका घराची माती एकीनं वाचली की दुसऱ्या दिवशी दुसरीनं वाचायची, पहिलीला न विचारता. दोघींचं जमलं तरच खूण पक्की. मॉडीला हा नेम पूर्वीपासून आवडायचा. आईही असंच करायची, एकीला पुढून पाठवायची, दुसरीला मागून. उद्या एल्वीचं बीळ मॉडीनं वाचायचं होतं.

गवताचा एक सुका पुंजका तिनं मोडून घेतला. बिळापाशी गेली. आणि झाडू लागली.

आधी लेंड्यांची जागा. मग दारापुढची अंगणासारखी वाळू, तिच्यावरची शेपटांची नागमोडी रेघ, लहानग्यांच्या पंजांच्या टिकल्या. मग गुडघ्यांवर बसून उजव्या हातानं तिनं दारात वाळू लोटली. थोडी, मग आणखी थोडी. दुसऱ्या दारातही. वाळू कोमट होती. आत कुणीतरी असेल, ती घसरणारी वाळू ऐकत असेल, असं एकदा मनात आलं. तिनं ते मनाबाहेर ढकललं. संध्याकाळी वारा सुटेल, तिच्या स्वतःच्या खुणा पुसून नेईल, असं तिला वाटलं.

वारा सुटला नाही.

*

सकाळी थंडी होती. शेकोटीच्या राखेतून काढलेली जाड भाकरी मावशीनं तोडून वाटली. मॉडी आणि ब्रायनी दोघीच बिळापाशी गेल्या.

मॉडी लांबच थांबली. इतक्या लांब, की ब्रायनीलाही फार पुढे जाता येऊ नये.

"कुणी नाही," ती म्हणाली. "एल्वीनं जुनं पाहिलं असेल. ऊन पडलं की जुनंही चमकतं."

ब्रायनी बराच वेळ त्या गुळगुळीत वाळूकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. शंका असती तर मॉडीला सोपं गेलं असतं. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं.

"तू म्हणतेस म्हणजे नसणार," ती म्हणाली आणि टॅबवरची खूण तिनं पुसली. "मग इथं थंडीतला जाळ लावायला नको. उद्याच्या बैठकीत ही जागा वगळते. माणसं थोडी आहेत, जिथं घर नांदतं तिथंच लावू." मग थोडं थांबून म्हणाली, "ताई, मी एक गोष्ट तुम्हा दोघींना आज जेवताना सांगणार होते. तू परत आलीस म्हणून राखून ठेवली होती."

"कसली?"

"ती डबी. तू मला दिलेली, आईच्या जागेवरची. तेव्हा आम्हाला त्यातून फारसं काही काढता येत नव्हतं. आता येतं. लेंडीवरून कोण कुणाचं पोर, ते समजतं. एल्वी गेल्या वर्षी इथून कुप्या भरून पाठवायची. त्या तुझ्या डबीशी लावून बघितल्या." ब्रायनीनं नाक पुसलं. "एकच घर आहे, ताई. आगीआधीच त्यातली काही थोरली पोरं टेकाड ओलांडून इथं आली असणार. तुझ्या आईच्या जागेवरच्या चाकुरांची नातवंडं होती ही. एवढीच उरली होती."

मॉडी उभी होती ती खाली बसली.

काल घसरत गेलेली कोमट वाळू तिच्या तळहातावर पुन्हा घसरू लागली. तिनं हात झटकला. पुन्हा झटकला.

"पाय दुखतायत का?" ब्रायनीनं विचारलं.

*

शेकोटीपाशी परतल्यावर ब्रायनीनं एल्वीला एवढंच सांगितलं, की ताईला तिथं कुणी दिसलं नाही. एल्वी हातातला कप ठेवून सरळ टेकाडाकडे चालू लागली. मॉडी बसून राहिली. इथं चालणाऱ्याची पाठ पाहिल्याशिवायही माणूस ओळखतात. पाऊल पुरतं. कोण घाईत होतं, कोण रडत गेलं, कोण दारू पिऊन आलं, सगळं वाळूत उघडं पडलेलं असतं. मॉडीची चाल तर यंत्राच्या खुर्चीनं बदललेली, उजवं पाऊल दाबून पडायचं. ती वाळू झाडत मागे मागे सरकत आली होती खरी, पण टेकाडाच्या उतारापाशी झाडू फेकून दिला होता. तिथून पुढे शेकोटीपर्यंत ती होती. पावलापावलात होती.

एल्वी परत आली. ती मॉडीसमोर बसली.

"कोण गेलं, ताई?"

डोरीन मावशीचा हात भाकरीवर थांबला. कुत्र्यानंही मान वर केली.

इथं माणूस गेलं की त्याच्या पावलांवरून फांदी फिरवतात, म्हणजे मागे राहिलेल्यांना ती पावलं दिसून जीव तुटू नये. आई गेली तेव्हा या दोघींनीच छावणी झाडली होती. मॉडीनं मोठी फांदी धरली होती. एल्वीनं लहान, आणि ती झाडता झाडता सारखी मागे वळून बघत होती. एकदा तिनं एक पाऊल चुकवलं, मुद्दाम, आईच्या अंगठ्याचं. मॉडीनं ते पाहिलं होतं आणि पुसलं नव्हतं.

"मी विचारतेय, कोण गेलं?" एल्वी म्हणाली. "जिवंत घरावरून कुणी फांदी फिरवत नाही. मग कोण गेलं?"

ब्रायनी एकीकडून दुसरीकडे बघत होती. "काय झालं?"

एल्वी तिला सांगू शकली असती. तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. तिनं उघडलं नाही. मॉडीकडेच बघत राहिली. तेवढ्यानंच मॉडीला आणखी जळजळलं, की या क्षणीसुद्धा ही माझ्यापेक्षा मोठी होते. आणि तरीही त्या जळजळीखाली दुसरं काहीतरी हललं, बिळात आत कुणी कूस बदलावी तसं.

ती उठली. "ब्रायनी, चल. मी पुन्हा वाचते. एल्वी, तूपण."

"नेमात नाही बसत," एल्वी म्हणाली.

"नेम गेला खड्ड्यात. चल."

उताराच्या पायथ्याशी मॉडी थांबली. आई वाचायची तसं वाचू लागली, मोठ्यानं, ओळीओळीनं, समोर दुसऱ्याच कुणाची पावलं असावीत तशी.

"इथून एक म्हातारी गेली. काल, ऊन उतरल्यावर. उजवं पाऊल दाबून टाकते, म्हणजे फार बसते ती. इथं थांबली. इथं गवत मोडलं. टाच रुतली आहे, म्हणजे रागात होती."

ब्रायनीच्या हातातला टॅब खाली आला.

"इथून झाडत गेली. लेंड्या तिकडे उडवल्या, त्या तिथं गवतात असतील. इथं गुडघे टेकले. एकाच हातानं वाळू लोटली. दुसरा हात तिला उचलत नाही." मॉडीचा आवाज फाटला. "दोन दारं बुजवली."

"कशाला गं बुजवली असतील तिनं?" मागून डोरीन मावशीनं विचारलं. तीही कुत्र्याला घेऊन आली होती. "भूक लागली होती का म्हातारीला?"

"धाकटीचं भरलेलं घर बघवलं नाही तिला," मॉडी म्हणाली.

लांबवर एक कावळा ओरडला.

"आणि पुढे?" एल्वीनं विचारलं. आवाज कोरडा होता.

"पुढे मला वाचता येत नाही."

"वाच. तुझं अर्धं राहिलंय."

मॉडी गुडघ्यांवर आली. तिनं बुजवलेल्या दारावर कान ठेवला, तळवा ठेवला. वाळू गार होती, मुकी होती. तिनं पुंजक्यांमागे पाहिलं, मुळांपाशी पाहिलं. चाकुरा शहाणा असतो, पळायला मागचं दार राखून ठेवतो, वरून कागदाएवढा पापुद्रा ठेवून. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पाण्यातून माती वाचता येत नाही.

"हे बघ," एल्वीच म्हणाली. अर्थात एल्वीच.

सुरूच्या कोवळ्या रोपाखाली पापुद्रा फुटला होता. आतून फुटला होता, कडा बाहेर वळलेल्या. दारातून नागमोडी रेघ निघाली होती, आजची, सकाळची. तिच्यामागे दुसरी, बारीक. त्यामागे आणखी एक. तिन्ही रेघा वळून झाडलेल्या अंगणात आल्या होत्या, आणि विष्ठेच्या जुन्या जागी, जिथं काल मॉडीनं काहीही शिल्लक ठेवलं नव्हतं, तिथंच, वीतभरही इकडेतिकडे नाही, काळं चकचकीत काहीतरी पडलं होतं.

"मोठं," मॉडी म्हणाली. "आणि..."

"आणि बारीक," एल्वी म्हणाली.

ब्रायनी मटकन बसली आणि हसू लागली. मग चिमटा काढायला आपले खिसे चाचपू लागली. कशाबद्दल विचारायचं आणि कशाबद्दल नाही, एवढं ती या मुलखात शिकली होती. टॅबवर तिनं सरड्याचं चित्र पुन्हा उमटवलं.

"जाळ आजच लावू या का?" तिनं दोघींना मिळून विचारलं. "वारा नाहीये. दहिवर आहे. बैठक होईल तेव्हा होईल."

एल्वीनं खिशातून काडेपेटी काढली. क्षणभर ती हातातच धरली. मग मॉडीपुढे केली, जरा जोरात, छातीवर आपटावी तशी.

"नाळ तुझी पडलीय इथं. लाव." आणि काडेपेटी सोडताना म्हणाली, "आणि परत माझ्या घरावरून फांदी फिरवलीस ना, तर तुझ्या खुर्चीची नळी मी काढून ठेवीन."

"ठेव. मग तुला माझी भाकरी भाजावी लागणार नाही."

"आता तरी कोण भाजतंय?" मावशी म्हणाली. "मीच भाजते दोघींची."

मॉडीनं बिळापासून लांब, पुंजक्याच्या बुडाशी काडी लावली. गवतातली राळ तडतडली, काळा धूर उठला, आणि लहानसा, कमरेएवढाही नाही, असा जाळ हळूहळू चालू लागला. दुसऱ्या बाजूनं एल्वीनं लावला. दोघी बिळाभोवती फिरत राहिल्या, एक इकडून, एक तिकडून, हिरव्या फांदीनं जाळाला वळवत. मधे मोकळ्या वाळूचं आणि जुन्या गवताचं बेट राहिलं. उन्हाळ्यात वीज पडली तर आग इथवर येईल, आणि खायला काही न मिळून थांबेल.

फिरता फिरता मॉडीनं पाहिलं, एल्वीचा जाळ सरळ रेषेत जात होता. तिचा स्वतःचा दोनदा भरकटला होता. तिनं तोंड फिरवलं, धूर डोळ्यांत गेल्यासारखं केलं, आणि फांदी घट्ट धरली. एल्वी गुणगुणत होती. आईचे बोल. चुकीचे.

"'धाकटं त्याच्या मागे'," मॉडी ओरडली. "'पुढे' नाही, 'मागे'!"

"तू म्हणशील तेच," एल्वी ओरडली आणि पुन्हा 'पुढे' म्हणाली.

निघायची वेळ झाली. उद्या मॉडीला यंत्राला हात द्यायचा होता. दोघी बहिणी गाडीपाशी एकदमच पोचल्या, आणि दोघींनीही पुढच्या दाराकडे एकदमच पाहिलं.

पुढे डोरीन मावशी बसली होती. मांडीवर कुत्रं, तोंडात भाकरी.

"मला धुरळा बाधतो," ती म्हणाली. "आणि याला गाडी लागते."

दोघी मागे चढल्या. गाडी हलली तशी लाल धूळ आत आली, दोघींच्या केसांवर, भुवयांवर, ओठांवर बसली. एल्वीनं आपल्या फडक्याचं टोक मॉडीच्या दुखऱ्या हातावर टाकलं, न बोलता. मॉडीनं ते राहू दिलं.

समोरच्या लहान आरशात ब्रायनीचे डोळे दिसत होते. मधूनच ते मागे बघत. कुणाकडे बघतात, ते मॉडी वस्ती येईपर्यंत निरखत राहिली.